डाग घालवण्याचं प्रात्यक्षिक

आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला विधवा बाईला पहिल्यांदा बोलावलं ते मी, असं मी बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं आहे. एकदा तर बायकोच्या ऑफिसात महिला दिनाच्या कार्यक्रमात माइक हातात धरून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. बोलावलं हे खरं आहे. का बोलावलं, ते मी कधी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या. मला उजवा पाय हवा होता म्हणून बोलावलं. माणसाखाली माणूस जोडत माल विकणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा होतो. तिच्या भाषेत आपल्या खाली दोन माणसं जोडायची, एक डावा पाय आणि एक उजवा. त्या दोघांनी पुन्हा दोन-दोन जोडायची, आणि सगळ्यांनी मिळून आपल्याला उचलून वर न्यायचं. माझा डावा पाय माझा मावसभाऊ होता आणि तो जोडल्यापासून मला चुकवत होता. उजवीकडे कुणीच नव्हतं. तेवढ्यासाठी मी शालनमावशींच्या दारात गेलो. माझ्या हातून झालेली ही चूक आहे, आणि ती झाकण्यासाठी पुढे मी तिचंच भाषण केलं, ही दुसरी.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. शेजारच्या घरात माग चालायचे. त्यांचा खडक-खडक आवाज इतका अंगवळणी पडला होता की वीज गेली आणि तो थांबला की आम्ही दचकायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात कारकून होते. सायकलवरून घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं, त्यामुळे संध्याकाळी ते सकाळपेक्षा म्हातारे दिसायचे. आई शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायची. मिक्सर घरात आल्यावरही ती उखळच वापरायची, कारण मिक्सरात चटणीचा भुगा होतो आणि तेल सुटत नाही, असं तिचं ठाम मत होतं. ते तिचं कुटणं, शेजारचे माग आणि समोरच्या घरातली भाकरी थापण्याची थप-थप, हे तीन आवाज एकत्र आले की मला आजही सकाळ झाल्यासारखं वाटतं. आता त्यातला एकही उरलेला नाही. बाजारात शेंगा चटणी पाकिटातून मिळते आणि पाकिटावर उखळाचं चित्र असतं.

समोरचं घर शालनमावशींचं. त्यांचे यजमान आप्पांच्याच कारखान्यात होते, ते ऐन उमेदीत गेले. मावशींनी महिनाभर दार लावून घेतलं आणि मग उघडलं ते कडक भाकरीच्या धंद्यासाठी. पातळ थापलेली, तव्यावर वाळवलेली, पापडासारखी मोडणारी भाकरी. आधी एकट्या करायच्या, मग गल्लीतल्या दोघी हाताशी आल्या, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्यांच्या पडवीत पहाटेपासून बायकांची रांग बसलेली असायची. आई आणि मावशी नळावर भेटायच्या, बाजाराला बरोबर जायच्या, एकमेकींची दुखणी काढायच्या. फक्त संक्रांतीला मावशींचं दार दुपारीच बंद व्हायचं. गल्लीभर बायका नटून ह्या घरातून त्या घरात जायच्या, आणि त्या घराचा दिवासुद्धा लागायचा नाही. सगळं आटपलं की आई पदराखाली तिळगुळाची वाटी झाकून मागच्या दाराने त्यांना देऊन यायची, जणू चोरीचा माल पोचवतेय.

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापताना आई दरवर्षी म्हणायची, "औंदा शालनला बोलवावं का?"

"बोलव की," आप्पा म्हणायचे. "तुला कुणी धरलंय व्हय?"

"देशमाने वहिनी काय म्हणतील?"

"त्या कायबी म्हणतील. त्यांना म्हणायलाच ठेवलंय."

आणि आई भाकरी उलटायची. विषय तिथे संपायचा तो पुढच्या भोगीपर्यंत.

मी बी.कॉम. झालो आणि नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात लागलो. गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या, आणि ते गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. दुकानाच्या वर एक हॉल होता. दर रविवारी तिथून टाळ्यांचा आणि आरोळ्यांचा आवाज यायचा. एकदा जिना चढून गेलो. स्टेजवर कोट-टाय घातलेले एक सर उभे होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते कोटात कसे उभे राहतात, ह्याचंच मला आधी नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा फसलो तो त्या कोटाला. सर विचारायचे, "कसे आहात?" आणि भरलेला हॉल ओरडायचा, "एकदम झकास!" त्यात उधारीवर रिक्षा चालवणारे होते, बंद पडलेल्या कारखान्यातले कामगार होते, पोराच्या फीसाठी मंगळसूत्र मोडलेल्या बायका होत्या. सगळे झकास. मीही झकास झालो. कंपनीचे माल तीन-चार होते. सगळे रोग बरे करणारा एक काळा कडू रस, दातांची पेस्ट, आणि कुठलाही डाग घालवणारं धुण्याचं एक द्रावण. पण मालाबद्दल सर फार बोलायचे नाहीत. ते स्वप्नाबद्दल बोलायचे.

टाय बांधून घरी गेलो तेव्हा आप्पा जेवत होते.

"कुणाचं लगीन हाय?"

मी वहीच्या मागच्या पानावर गोल काढून सगळं समजावलं. हा मी, हा डावा पाय, हा उजवा, ह्यांना परत दोन-दोन. आप्पांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"पाय लई झाले की रं," ते म्हणाले. "डोकं कुटं हाय?"

मी चिडलो. सरांनी सांगितलंच होतं, पहिला विरोध घरातून होतो. हे त्यांच्या विद्येचं मर्म होतं. कुणी शहाणपणाचं काही बोललं की तो निगेटिव्ह, आणि कुणी निगेटिव्ह बोललं की आपण बरोबर वाटेवर आहोत. ह्या विहिरीत पडलेल्या माणसाला वरून दोर सोडला तर तो दोरालाच साप म्हणतो.

लोक ह्या धंद्यात का बुडतात आणि का तरतात, ह्यावर सर दर रविवारी बोलायचे. त्यांच्या मते बुडणाऱ्याची जिद्द कमी पडते. कंपनी कधीच कमी पडत नाही. माझं मत सांगतो, आणि ते मी भरपूर बुडून कमावलेलं आहे. प्रत्येक माणसाला सुरुवातीला एक मूठभर माणसं मिळालेली असतात, जी त्याच्यावर विश्वास ठेवून काहीही घेतील. मावसभाऊ, वर्गमित्र, शेजारीण. ती मूठ रिकामी व्हायला फार दिवस लागत नाहीत. ज्याला मूठ रिकामी झाल्याचं काही वाटत नाही, तो पुढच्या अनोळखी माणसाला त्याच हसऱ्या चेहऱ्याने 'कसे आहात' विचारू शकतो. तो वर जातो. ज्याला वाटतं, तो घरी जातो. मी सज्जन होतो म्हणून घरी गेलो असं मात्र कुणी समजू नये. मला वाटत होतं, तरी मी जात राहिलो. म्हणजे दोन्हीकडून नालायक.

बार्शीच्या मामांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला म्हणून शिरलो आणि जिलेबीबरोबर योजना वाढत गेलो. पुढे मामा एकदा सोलापूर स्टँडवर दिसले. मला बघताच ते समोरच्या गाडीत चढले. ती गाडी विजापूरची होती. मामांना बार्शीला जायचं होतं. ओळखीचं कुणी गेलं की मी तेराव्याला जायचो आणि खिशात पत्रक असायचं. काढलं नाही कधी, पण असायचं. गल्लीत मी शिरलो की खिडक्यांना पडदे लागायचे. देशमाने काकूंच्या नातवाने तर एकदा दारात येऊन मला स्पष्ट सांगितलं, "आजी म्हणतीय ती घरात नाही."

अशा वेळी सरांनी मला बाजूला घेतलं. "सुनील, गल्लीत अशी एक व्यक्ती सांग, जिचं दहा लोक ऐकतात." मी सहज शालनमावशींचं नाव घेतलं. सरांचे डोळे चमकले. "अरे, त्या बाईच्या हाताखाली एवढ्या बायका, आणि तू रडतोयस? तोच तुझा उजवा पाय. पण मीटिंगला बोलवू नकोस, येणार नाहीत. सणासुदीला घरी बोलव. आपलेपणाने."

भोगीच्या दुपारी मी समोर गेलो. पडवीत थप-थप चालू होती. मावशी तव्याशी होत्या.

"मावशी, उद्या आमच्याकडं हळदी-कुंकू आहे. तुम्ही यायचं."

एकेक करत सगळ्यांचे हात थांबले. मावशी तव्याकडेच बघत होत्या. "कोण म्हणलं?"

"मी म्हणतोय की."

"ताई म्हणली?"

आई काहीच म्हणाली नव्हती. "हो," मी म्हणालो. "आईनंच पाठवलंय."

तव्यावरची भाकरी करपली. त्यांच्या हातची करपलेली भाकरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग तिने पदर डोळ्यांना लावला. "इतकी वर्षं माझ्या मनात व्हतं रं. मला न्हाई जमलं. माझ्या पोरानं केलं." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पहिल्यांदाच थट्टा नव्हती. आयुष्यात वडिलांनी माझ्याकडे आदराने बघितल्याचा तो एकच प्रसंग, आणि तो असा. तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, उलट मान जरा ताठ केली.

दुसऱ्या दिवशी आईने मला वाणाबद्दल विचारलं. दरवर्षी ती चहाची गाळणी, साबणाची डबी असलं काहीतरी लुटायची. मी म्हणालो, वाण माझ्याकडून. धुण्याच्या द्रावणाच्या नमुन्याच्या बाटल्या मी आधीच आणून ठेवल्या होत्या. आणि प्रात्यक्षिकाची तयारी गच्चीवर करून पाहिली होती. हॉलमध्ये सर शाईचा डाग घालवून दाखवायचे, पण त्यांनीच शिकवलं होतं की गिऱ्हाइकाच्या रोजच्या वापरातली वस्तू घ्या. हळदी-कुंकवाला जमलेल्या बायकांच्या रोजच्या वापरातलं काय? आधी मी हळद लावून पाहिली. पण हळदीला साबण लागला की ती लाल होते, डाग उलट उठून दिसतो. मग कुंकू लावून पाहिलं. ते स्वच्छ निघालं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. संक्रांतीच्या दिवशी सवाष्णींपुढे पांढऱ्या कापडावरचं कुंकू पुसून दाखवायचं, हे सोलापुरात जन्मलेल्या, आईच्या कपाळाकडे बघत मोठ्या झालेल्या माझ्या डोक्यात आलं, आणि त्यात काही वावगं आहे हे आलं नाही. कंपनीने माझ्या डोक्याला काय केलं होतं, ह्याचा ह्यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

संध्याकाळी खोली भरली. देशमाने काकू जरीचं पातळ नेसून बरोबर मधोमध बसल्या. मावशी सगळ्यात शेवटी आल्या. चॉकलेटी रंगाचं काठापदराचं पातळ, पेटीतून काढलेलं, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. दाराशीच टेकल्या, उंबऱ्याला लागून, उठायला सोपं पडावं अशा. काकूंनी शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने पदर सारखा केला. पण कुणी उठलं नाही. आईने कोयरी घेतली आणि ओळीने कुंकू लावत निघाली. तिळगुळ दिला, वाण दिलं. एकेकीसमोर वाकत ती दाराकडे सरकत होती. मावशींनी मान खाली घातली होती, पण कपाळ थोडं पुढे केलं होतं.

आणि मला एकच दिसत होतं, की वाण मिळालेल्या बायका उठायच्या बेतात आहेत. त्यांना अजून बाकीची घरं घ्यायची होती.

"आई, थांब जरा. एक मिनिट," मी म्हणालो, आणि तिच्या हातातली कोयरी काढून घेतली.

आप्पांच्या कारखान्यातला एक पांढरा नॅपकिन मी पुढे धरला, त्यावर कुंकवाचं बोट ओढलं. "काकू, मावशी, सगळ्यांनी बघा. हे कुंकू. कितीही पक्कं बसलेलं असू दे." वर द्रावणाचे थेंब टाकले, चोळलं, वाटीतल्या पाण्यात बुडवलं. पाठ केलेलं वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हटलं, "एकदा पुसलं की पुसलं. शोधून सापडणार नाही!" आणि तो कोरा पांढरा नॅपकिन दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर फडकावला.

शेजारचे माग ऐकू यायला लागले.

"अगं बाई!" देशमाने काकू उभ्या राहिल्या. "सणाच्या दिवशी सवाष्णींसमोर कुंकू पुसतोय मुडदा!" मग त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि दाराशी जाऊन थांबली. "बरोबर हाय. नको त्याला बोलावलं की असंच व्हतंय. पांढऱ्या पायाची बाई दारात बसली, आणि हितं कुंकू गेलं."

आता सगळ्याच दाराकडे बघत होत्या. कुंकू मी पुसलं होतं. कापड माझ्या हातात होतं, त्यातून पाणी गळत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की काकू, त्यांचा काय संबंध, हे माझं काम. माझ्या तोंडून काय आलं ते मला अजून ऐकू येतं. "काकू, बाटली राहिली की तुमची."

काकूंनी बाटली घेतली. अपशकुन झाला म्हणून सगळ्या घाईने निघून गेल्या, पण एकही बाटली मागे राहिली नाही.

शालनमावशी उठल्या. आईला म्हणाल्या, "येते ताई. दूध ठिवलंय चुलीवर." मग माझ्याकडे वळल्या. "माल चांगला हाय रं सुनील तुजा. डाग न्हाय ऱ्हात." आणि अंगण ओलांडून गेल्या. आई तशीच उभी होती, एक बोट वर धरून. त्या बोटाला कुंकू लागलेलं होतं.

रविवारी सर म्हणाले, "नाही म्हणजे नाही नसतं, सुनील. नाही म्हणजे नंतर. त्या बाईंचा पाठपुरावा कर." आणि मी केला. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माफी मागायला नव्हे, पत्रक घेऊन मी त्यांच्या पडवीत गेलो. थप-थप थांबली. मावशी म्हणाल्या, "समदे हात पिठात हायती. नंतर ये."

त्यानंतर मी कंपनी सोडली. कंपनी सोडली हेही सभ्य भाषेत झालं. विचारायला कुणी उरलं नव्हतं. सर पुढे गाडी घेऊन पुण्याला गेले. त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं, ते वर गेले. आईने पुन्हा कधी हळदी-कुंकू केलं नाही. संक्रांतीला आमचंही दार दुपारीच बंद व्हायला लागलं. ती आणि मावशी नळावर बोलायच्या, पण बाजाराला आपापल्या जायच्या. आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ती नजर तेवढी त्यांनी परत घेतली.

आता माझी बायको सगळ्यांना बोलावते. सवाष्ण, विधवा, असं काही बघत नाही, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकते. खाली पन्नास जणी हात जोडतात. मी ते फोटो बघतो तेव्हा मला वाटीतलं लाल पाणी दिसतं.

मागच्या वर्षी आई गेली. आप्पा आहेत, त्यामुळे ती सवाष्ण गेली. बायका तिला हळद-कुंकू लावत होत्या. दाराशी, उंबऱ्याला लागून, शालनमावशी उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी देशमाने काकू. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघी म्हाताऱ्या, एकमेकींच्या आधाराने. त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही. 'मावशी, तुम्ही लावा' एवढे तीन शब्द माझ्या तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. म्हणजे मी दुसऱ्यांदा गप्प बसलो. ह्या खेपेला विकायला काहीसुद्धा नव्हतं, तरी.

दिवसपाणी झाल्यावर मी समोर गेलो. पडवी रिकामी होती. धंदा आता एमआयडीसीकडे शेडमध्ये गेलाय, सून बघते. मावशी खाटेवर बसून तीळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी ताट जवळ ओढलं.

"काय आणलंस? विमा का?"

"काही नाही, मावशी."

"दाव पिशवी."

पिशवी नव्हतीच. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते खरोखरच नीट बघितले, मग खाटेवर थोड्या सरकल्या. मी बसलो. त्या तिळातले खडे काढत राहिल्या.

"तुजी आई दुसऱ्या दिवशी आलती," त्या म्हणाल्या. "कोयरी घिऊन. लई वेळ कडी वाजवली तिनं. मी आत बसून ऐकत व्हते. म्हणलं, आता लेकाच्या मालासाठीच आली असंल." त्यांनी एक खडा दाराबाहेर टाकला. "तवाच उगडाय पायजे हुतं रं. आता कुटं सांगू तिला?"

आई त्यांच्या दारात गेली होती हे मला माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही. मला वाटत होतं मी एक संध्याकाळ बिघडवली. त्या दाराच्या दोन बाजूंना दोघी जणी उरलेलं आयुष्य बसून राहिल्या होत्या.

"तुम्ही नंतर ये म्हणाला होतात," मी म्हणालो. "आलो. आईनं मला पाठवलंच नव्हतं, मावशी. ते खोटं होतं. मला तुमच्याखालच्या बायका पायजे होत्या. आणि तिचा हात तुमच्या कपाळापर्यंत आला होता, तो मी अडवला." पुढचं मी कितीतरी वर्षं मनात घोटलेलं होतं. "माझं चुकलं. कुंकू पुसलं ते न कळून पुसलं. गप्प बसलो, ते कळून बसलो."